सिस्टरांचा पुरस्कार, मिस्टरांची पाठ

पुरस्कार घ्यायचा, ‘धन्यवाद’ म्हणायचं आणि खाली उतरायचं, एवढंच मिस्टरांना सांगितलं होतं. पुरस्कार त्यांनी घेतला. ‘धन्यवाद’ही म्हणाले. घोटाळा झाला तो खाली उतरण्याआधी.

पण मिस्टर म्हणजे कोण, ते आधी सांगायला हवं. आईवडिलांनी त्यांना एक चांगलं भारदस्त नाव ठेवलं होतं, आणि विमा कचेरीत त्यांच्या टेबलावर त्या नावाची पाटीसुद्धा होती. पण त्यांची बायको दवाखान्यात सिस्टर. सगळी वस्ती तिला ‘सिस्टर’ म्हणून हाक मारायची, तेव्हा सिस्टरांचे जे कोण घरात असतील ते मिस्टर, असा लोकांनी सोपा हिशेब केला होता. (सुरुवातीची काही वर्षं मिस्टरांना वाटायचं, आपल्या व्यक्तिमत्त्वाकडे बघून लोकांच्या तोंडून आपोआप इंग्रजी बाहेर पडतं.)

सिस्टरांनी वस्तीत एक मंडळ काढलं होतं. नाव ‘सुट्टी मंडळ’. दवाखान्यात काम करता करता त्यांच्या लक्षात आलं होतं की घरात एक माणूस अंथरुणाला खिळलं की त्याच्याबरोबर एक बाई खिळते. आजाऱ्याला औषध मिळतं, फळं मिळतात, भेटायला माणसं येतात. बाईला मिळते ती कूस बदलायला लावायची ड्यूटी. मग सिस्टरांनी शेजारपाजारच्या बायका जमवल्या, आजाऱ्याचं कसं करायचं ते त्यांना शिकवलं आणि पाळ्या लावल्या. मंडळातली एखादी जाऊन आजाऱ्यापाशी बसायची आणि घरातल्या सुनेला, लेकीला, बायकोला तीन तास सुट्टी. त्या सुट्टीत तिनं काय केलं हे कोणी विचारायचं नाही. एक बाई तर नुसती बस स्टॉपवर जाऊन बसायची. एकाही बसमध्ये चढायची नाही. आलेली बस बघायची, गेलेली बस बघायची, आणि तरतरीत होऊन घरी परतायची.

मिस्टरांना या कामाची माहिती होती ती मुख्यतः झाकलेल्या ताटावरून. संध्याकाळी टेबलावर ताट झाकलेलं दिसलं की मंडळ जोरात चाललंय असं ते समजायचे, जेवायचे, आणि ताट तिथंच ठेवून उठायचे.

अशात शहरातल्या एका बड्या संस्थेनं सिस्टरांना ‘कर्तृत्ववती पुरस्कार’ जाहीर केला. समाजाचं नेतृत्व करणाऱ्या महिलांसाठी. फोनवर सिस्टर म्हणाल्या, “मला एकटीला नको, सगळ्या मंडळाला द्या.” संस्थेचे अध्यक्ष म्हणाले, “कल्पना उत्तम आहे, पण तेवढ्या बायका स्टेजवर मावणार नाहीत.” ते खरंच होतं. स्टेजवर पाहुणे, उपपाहुणे, अध्यक्ष, माजी अध्यक्ष आणि होऊ घातलेले अध्यक्ष बसणार होते. सगळे पुरुष, आणि प्रत्येकाला हात असलेली खुर्ची.

शनिवारी दुपारी सिस्टर आरशासमोर केस विंचरत होत्या, तेवढ्यात फोन वाजला. मंडळातल्या एका बाईला सणकून ताप भरला होता. ती ज्या आजींपाशी बसायला जाणार होती, त्यांच्या नातीची त्याच दुपारी परीक्षा होती, आणि घरात तिसरं कोणी नव्हतं.

सिस्टरांनी फणी खाली ठेवली.

“अहो, तुम्ही जा.”

“मी? आजींकडे?” मिस्टर खुर्चीतून अर्धे उठले.

“नाही हो! पुरस्कार घ्यायला. तो काय, कोणीही आणू शकतं. ती पोर परत परीक्षेला बसायची तर वर्ष जाईल.”

“पण तिथं काही बोलायला लागलं तर?”

सिस्टर दारापाशी थांबल्या. “काहीही बोलायचं नाही. घ्यायचा, धन्यवाद म्हणायचं, खाली उतरायचं.”

सिस्टरांनी हे उगाच बजावलं नव्हतं. मिस्टरांना एक व्यसन होतं. विड्या-सिगारेट नाही, पत्ते नाहीत, ‘दोन शब्द’. कचेरीत कोणी निवृत्त झालं, कोणाची बदली झाली, नवा पंखा बसला, तरी मिस्टर दोन शब्द बोलायला उभे राहायचे. एकदा लिफ्ट बंद पडून सगळे आत अडकले, तेव्हाही ते बोलले होते. लिफ्टमधून सुटल्यावर लोकांना जो आनंद झाला, तो लिफ्टमधून सुटल्याचाच होता असं नाही.

मिस्टरांनी लग्नातला कोट चढवला (बटणं लागत नव्हती, पण उघड्या कोटात माणूस मोकळ्या मनाचा दिसतो) आणि ते हॉलवर पोचले. पहिली रांग मान्यवरांसाठी होती, दुसरी मान्यवरांच्या घरच्यांसाठी. पुरस्कार मिळालेल्या बायका चौथ्या रांगेत, खांबाच्या मागे. तिथं आग विझवणाऱ्या दलातली एक बाई होती, शाळेची बस चालवणारी एक होती, बहिऱ्या मुलांची शाळा काढलेली एक वयस्कर बाई होती. मिस्टर त्यांच्या शेजारी जाऊन बसले.

“तुम्हाला कशाबद्दल?” बसवाल्या बाईनं विचारलं.

“बायकोबद्दल,” मिस्टर म्हणाले.

भाषणं सुरू झाली. स्त्रियांना बोलण्याची संधी मिळत नाही, या विषयावर पाहुणे पाऊण तास बोलले. त्यांचं खंडन व्हायला नको म्हणून उपपाहुणेही तेवढाच वेळ बोलले. मग सूत्रसंचालन करणाऱ्या प्राध्यापिकाबाईंच्या हातात अध्यक्षांनी एक चिठ्ठी दिली आणि त्या गोड आवाजात म्हणाल्या, “पुरस्कारप्राप्त भगिनींना नम्र विनंती, वेळेअभावी कोणीही मनोगत व्यक्त करू नये.”

आग विझवणाऱ्या बाईनं रात्रभर जागून भाषण पाठ केलं होतं. तिनं ते गिळलं.

एकेक बाई वर जाऊ लागली. प्रमुख पाहुणे सिमेंटचे मोठे व्यापारी होते, शहरातल्या निम्म्या भिंती त्यांच्या. पुरस्कार देताना त्यांची नजर कॅमेऱ्यावर असायची, त्यामुळे समोर कोण येतंय हे त्यांना कळायचं कारण नव्हतं. मिस्टर पुढे झाले तेव्हाही त्यांनी पुरस्काराची जड काचेची बाहुली हातात दिली, कॅमेऱ्याकडे बघून हसले आणि म्हणाले, “ताई, असंच कार्य करत राहा.”

“धन्यवाद,” मिस्टर म्हणाले.

आणि ते उतरलेही असते. एक पाय पायरीवर होता. पण तेवढ्यात प्राध्यापिकाबाईंच्या लक्षात आलं की ताईंना मिशा आहेत.

“अहाहा!” त्या माइकमध्ये म्हणाल्या. “आज आपल्यात एक पती उपस्थित आहेत! पत्नीच्या सन्मानासाठी धावून आलेले पती! त्यांनी दोन शब्द बोलल्याशिवाय आपण त्यांना खाली उतरू देणार नाही. हो की नाही?”

टाळ्या पडल्या. अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलं नाही. बायकांसाठी संपलेला वेळ कुठून तरी परत आला होता.

मिस्टरांचा पाय पायरीवरून आपोआप वर आला. ‘दोन शब्द’ म्हटलं की त्यांच्या घशात एक कळ दाबली जायची. माइक समोर आला आणि पहिलं वाक्य ते अगदी खरं बोलले, “मी हिला कधी अडवलं नाही.”

कडाडून टाळ्या. मिस्टर दचकले. कचेरीत त्यांच्या बोलण्यावर आजवर फक्त शेवटीच टाळ्या पडायच्या, आणि त्याही सुटकेच्या.

“ही कितीही उशिरा आली, तरी मी घरात असतो,” ते म्हणाले. हेही खरंच होतं. पुन्हा टाळ्या. पहिल्या रांगेतल्या कोणीतरी ‘वा!’ म्हटलं. आता टाळ्यांचं असं आहे, की त्या खारवलेल्या शेंगदाण्यांसारख्या असतात. दोनवर हात थांबत नाही. तिसरं खरं वाक्य मिस्टरांना काही केल्या सापडेना. लोक वाट बघत होते. बाहुली हातात घामेजली होती.

“आणि कित्येकदा,” मिस्टर म्हणाले, “मी स्वतः आजाऱ्यांपाशी बसतो. त्यांना उठवतो, बसवतो, भरवतो. यात लाज कसली? सेवेला स्त्री काय आणि पुरुष काय!”

हॉल उठून उभा राहिला. प्राध्यापिकाबाईंनी डोळे टिपले. फक्त चौथ्या रांगेत, खांबामागे, बसवाली बाई हाताची घडी घालून बसून होती. रोज चाळीस मुलं शाळेत नेणाऱ्या बाईला कोण खोटं बोलतंय ते लांबून कळतं.

आणि मग सिमेंटवाल्यांनी माइक हातात घेतला.

“मी भारावून गेलोय,” ते म्हणाले. “माझे वडील, ड्रिलमास्तर, वर्षभर अंथरुणावर आहेत. पडले, मांडीचं हाड मोडलं. त्यांच्यापाशी कोणी माणूस टिकत नाही. मी या कर्मयोग्याला जाहीर आमंत्रण देतो. उद्या रविवार आहे. उद्या सकाळी आपण आमच्या घरी या!” हेही ते कॅमेऱ्याकडे बघूनच म्हणाले.

टाळ्या पुन्हा पडल्या. या वेळी त्या मिस्टरांना कानफटात मारल्यासारख्या लागल्या.

संध्याकाळी सिस्टर घरी आल्या तेव्हा मिस्टर न सांगता ताट वाढून बसले होते. हे बघून सिस्टरांना काय ते समजलं.

“काय बोललात?”

“दोनच शब्द.”

“कोणते?”

मिस्टरांनी सांगायला सुरुवात केली. तिसऱ्या वाक्यापाशी त्यांचा आवाज इतका खाली गेला की सिस्टरांना पुढे झुकावं लागलं. ऐकून झाल्यावर त्या रागावतील असं त्यांना वाटलं होतं. पण त्यांनी वाढलेलं ताट नुसतं बाजूला सारलं. ते जास्त वाईट होतं.

“मंडळात किती बायका आहेत, माहितीये?”

“बऱ्याच.”

“त्यातल्या एकीचं तरी नाव घेतलंत? एका बाईनं आज तापातून फोन केला, ‘सिस्टर, माझ्यामुळे त्या पोरीची परीक्षा चुकायला नको.’ हिच्याबद्दल एक शब्द? नाही. टाळ्या कोणाला? तर न अडवणाऱ्याला!”

“उद्या तूच जा ना माझ्याऐवजी,” मिस्टर कळवळून म्हणाले.

“मला उद्या ड्यूटी आहे. आणि शब्द तुम्ही दिलाय. त्या घरातही एक बाई असेल, तिनं ऐकलं असेल की उद्या कोणीतरी येणार. ती वाट बघत असेल. तुम्ही जायचं.” मग त्यांना थोडी दया आली असावी. “हे बघा, पॉट कसा द्यायचा ते दाखवते. आणि एक लक्षात ठेवा, माणूस एकट्यानं उचलायचा नाही. उचलायचाच झाला तर गुडघे वाकवायचे, पाठ नाही.”

विमानात पट्टा कसा बांधायचा हे लोक ज्या एकाग्रतेनं ऐकतात, त्याच एकाग्रतेनं मिस्टरांनी ते ऐकलं.

रविवारी सकाळी सिमेंटवाल्यांच्या बंगल्याची बेल वाजवायला मिस्टरांनी बोट पुढे केलं, आणि बेल वाजायच्या आत दार उघडलं. दारात त्या घरच्या सूनबाई उभ्या होत्या. पायात चपला, खांद्याला पर्स.

“मंडळाचे तुम्हीच ना?”

“म्हणजे मी खरं तर त्यांचा...”

“चालेल,” सूनबाई म्हणाल्या. “नाश्त्यानंतरचं औषध दिलंय. पॉट पलंगाखाली डावीकडे. चहा थर्मासमध्ये. हे दुसऱ्या एका सत्काराला गेलेत, दुपारी येतील. मी एकपर्यंत येते.” त्यांनी आपला फोन टेबलाच्या ड्रॉवरमध्ये टाकला, ड्रॉवर गुडघ्यानं ढकलून बंद केला, आणि मिस्टरांनी वळून पाहीपर्यंत त्या फाटकाबाहेर होत्या. इतक्या वेगानं जाणारी बाई मिस्टरांनी फक्त शर्यतीत पाहिली होती.

आतून शिटी वाजली.

ड्रिलमास्तर उशांना टेकून ताठ पडले होते. पडलेलं माणूसही ताठ असू शकतं हे मिस्टरांनी तेव्हा पाहिलं. पांढऱ्या मिशा, गळ्यात काळ्या दोरीत चकचकीत शिटी. सगळा जन्म शाळेच्या मैदानावर पोरांना कवायत शिकवण्यात गेला होता.

“नाव?”

“मिस्टर.”

“कोणाचे?”

“सिस्टरांचे.”

“मिस्टर, ऐका. एक शिटी म्हणजे पाणी. दोन म्हणजे पॉट. तीन म्हणजे चाललेला मूर्खपणा थांबवा. समजलं?”

पहिल्या तासात पाण्याची शिटी दोनदा वाजली, पॉटची एकदा. तीन शिट्या इतक्या वेळा वाजल्या की शेजारच्या घरातलं कुत्रं दरवेळी उठून बसू लागलं. मिस्टरांनी उशी उलटी लावली, तीन शिट्या. पेपर वाचताना आकडे गाळले, तीन शिट्या. आजाऱ्याला करमावं म्हणून ‘संयम’ या विषयावर दोन शब्द बोलायला ते उभे राहिले, तेव्हा शिटी वाजायची थांबेचना.

अखेर मास्तर म्हणाले, “मला खिडकीपाशी खुर्चीत बसवा.”

मिस्टरांना सिस्टरांचं बोलणं अंधुक आठवलं. “कोणी मदतीला आलं असतं तर...”

“सूनबाई बसवते मला. एकटी.”

“एकटी?” मिस्टरांनी छाती पुढे काढली. कालच्या टाळ्या अजून तिथं शिल्लक होत्या. “मग त्यात काय!”

त्यांनी मास्तरांच्या काखेत हात घातले, गुडघे सरळ ठेवले, पाठ वाकवली, आणि ‘हं’ म्हणून जोर लावला. ‘कट्’ असा एक छोटासा आवाज झाला. मास्तर होते तिथंच पलंगावर राहिले. मिस्टर मात्र हळूहळू, एखादी जुनी छत्री मिटावी तसे, पलंगाच्या कडेनं जमिनीवर गेले आणि उताणे पडले.

“उठा!” मास्तर वरून म्हणाले.

“उठता येत नाही, सर.”

“कोणता पाय?”

“पाठ.”

“पाठ हा पाय नाही. नीट उत्तर द्या.”

“सर, खरंच हलता येत नाही हो!”

मास्तरांनी पलंगाच्या कडेवरून जेमतेम डोकं बाहेर काढून खाली पाहिलं. आयुष्यात त्यांनी मैदानावर खूप पोरं पडलेली पाहिली होती. खरं पडलेलं कोण आणि खोटं कोण, ते त्यांना समजायचं. हे खरं होतं.

मिस्टरांचा फोन दारामागे अडकवलेल्या कोटात होता. म्हणजे या खोलीपुरता परदेशात.

“सर, शिटी वाजवा ना. जोरात. शेजारी येतील.”

मास्तरांनी शिटी ओठांशी नेली. गाल फुगले. आणि मग त्यांनी ती खाली घेतली.

“नाही.”

“का?”

“वर्षभरात पोरगी पहिल्यांदा बाहेर पडलीय,” मास्तर छताकडे बघत म्हणाले. त्यांचा मैदानी आवाज आता खोलीत मावेल एवढा झाला होता. “आत्ता शिटी वाजवली तर शेजारी धावतील. गल्लीभर बोभाटा होईल, तिला शोधायला माणसं पळतील. आणि मग ती मनात काय घेऊन बसेल? ‘मी गेले आणि घरात अनर्थ झाला.’ परत पाऊल बाहेर टाकेल ती? मी ओळखतो तिला. नाही टाकणार. तेव्हा ती आपण होऊन येईपर्यंत तुम्ही पडा.”

“पण सर, मला...”

“दुखतंय?”

“हो.”

“मलाही दुखतं. पडा.”

मग दोघे पडून राहिले. एक वर, एक खाली. एक वाजला. सूनबाई आल्या नाहीत. मास्तरांनी हात लांब करून थर्मासमधला चहा कपात ओतला आणि विहिरीत पोहरा सोडावा तसा कप जपून खाली सोडला. मिस्टरांनी तो आडव्यानं प्यायला (निम्मा कानात गेला). दोन वाजले. मिस्टरांना आता छतावरची प्रत्येक भेग ओळखीची झाली होती. वर्षभर हेच छत बघायचं म्हणजे काय, हा विचार त्यांच्या मनात आला आणि त्यांनी पहिल्यांदाच, कोणी न सांगता, तोंड बंद ठेवलं.

“ती मला रोज उचलते,” मास्तर मध्येच म्हणाले. “मी तिला कधी ‘शाबास’ म्हटलं नाही. पोरांना म्हणायचो. नुसती उडी मारली तरी म्हणायचो.”

“म्हणा की आज.”

“तुम्ही म्हणता का, सिस्टरांना?”

मिस्टरांनी छताकडे पाहिलं. छतानं काही मदत केली नाही.

तीनच्या सुमाराला गाडीचा आवाज आला आणि सिमेंटवाले सत्काराचा भला थोरला पुष्पगुच्छ घेऊन आत आले. दारातच थबकले.

“अप्पा! जमिनीवर हे कोण आहेत?”

“काल तुम्हीच मला पुरस्कार दिलात,” मिस्टर खालून म्हणाले.

सिमेंटवाल्यांनी निरखून पाहिलं. “छे, मी एका ताईंना दिला होता.” मग त्यांचं घरात लक्ष गेलं. “आणि ही कुठे आहे?”

“सुट्टीवर,” मास्तर म्हणाले.

“सुट्टीवर? कोणाला विचारून?”

मास्तरांनी शिटी ओठांना लावली आणि तीनदा वाजवली. शेजारचं कुत्रं उठून बसलं. मग एक श्वास घेऊन त्यांनी आणखी दोनदा वाजवली.

“ही कशाची?” सिमेंटवाल्यांनी विचारलं.

“पॉटची,” मिस्टर म्हणाले.

सिमेंटवाल्यांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. खोलीत बाई नव्हती. एक माणूस पलंगावर होता, एक जमिनीवर, आणि उभा असलेला एकच.

“पलंगाखाली, डावीकडे,” मिस्टरांनी मार्ग दाखवला. “पुष्पगुच्छ आधी खाली ठेवा. ठेवताय ना? नाही, तो माझ्या पोटावर नको. आता चादर बाजूला. अहो, पॉट उलटा धरलाय तुम्ही.”

बरोबर त्याच वेळी सूनबाई परत आल्या. सासरे उशीला टेकलेले, एक अनोळखी गृहस्थ पोटावर पुष्पगुच्छ घेऊन जमिनीवर निपचित, आणि नवरा कोटात, दोन्ही हातांत पॉट धरून, पुरस्कार घेतल्यासारखा उभा. त्या दारातच खिळल्या. मास्तरांनी श्वास रोखला. सगळा दिवस पणाला लागला होता तो या क्षणासाठी.

आणि सूनबाई हसल्या. आधी तोंडावर हात धरून, मग हात काढून, मग दाराची चौकट धरून.

“उशीर झाला,” त्या डोळे पुसत म्हणाल्या. “सिनेमाला गेले होते. गार हवेत अशी झोप लागली, मध्यंतराला उठले आणि परत झोपले. मग पुढच्या खेळाचं तिकीट काढून पुन्हा झोपले.”

“शाबास,” मास्तर म्हणाले. ते इतक्या मोठ्यानं म्हणाले की सिमेंटवाल्यांच्या हातून पॉट पडता पडता राहिला. “पुढच्या रविवारी परत जायचं. आज काही एक बिघडलेलं नाही. हे गृहस्थ पाठीचा व्यायाम करतायत.”

मिस्टरांनी दात आवळून मान डोलावली.

सूनबाईंनी फोन केल्यावर संध्याकाळी सिस्टर मंडळातल्या, शिलाईकाम करणाऱ्या एका बाईंना घेऊन बंगल्यावर आल्या. दोघींनी नुसतं एकमेकींकडे पाहिलं, गुडघे वाकवले, आणि मिस्टर अलगद उभे. एवढं वजन उचलायला त्यांना ‘हं’सुद्धा म्हणावं लागलं नाही.

“एकट्यानं उचललंत ना?” सिस्टर म्हणाल्या.

“त्यांची सून एकटीच उचलते!”

“ती रोज उचलते. तुम्ही रोज काय उचलता?”

मिस्टरांनी बराच विचार केला. रिमोटचं नाव काढावंसं त्यांना वाटलं नाही.

डॉक्टरांनी सक्तीची विश्रांती सांगितली. दुसऱ्या दिवशी दुपारी मिस्टर अंथरुणात पडून होते, तर सिस्टर बाहेर जायच्या कपड्यांत खोलीत आल्या. शिलाईवाल्या बाई हातातलं काम घेऊन पलंगाशेजारच्या खुर्चीत स्थिरावत होत्या.

“कुठे निघालीस?”

“सिनेमाला. ड्रिलमास्तरांच्या सूनबाई येतायत बरोबर.”

“मला असं टाकून?”

“टाकून कसं? मंडळाची सुट्टी आहे. आमचा नियमच आहे, घरात कोणी अंथरुणाला खिळलेलं असेल तरच सुट्टी मिळते. इतकी वर्षं मी सगळ्यांना दिली, मला मात्र घेता येत नव्हती. तुम्ही अंथरुणात असायचात, पण आजारी नव्हतात.”

मिस्टरांना यावर दोन शब्द बोलायचे होते. खूप होते. पण श्वास घेतला की पाठीत कळ यायची, आणि तोवर सिस्टर दारापाशी पोचल्याही होत्या. शिलाईवाल्या बाईंनी सुईत दोरा ओवता ओवता हळूच विचारलं, “सिस्टर, यांचं दुखणं किती दिवसांचं समजायचं?”

“पाठीचं आठवड्याभराचं,” सिस्टर चपला घालत म्हणाल्या. “बाकीचं लग्नापासूनचं आहे.”

शिलाईवाल्या बाईंनी मिस्टरांकडे पाहिलं, आणि जाणत्या माणसासारखी मान हलवली.

“असू दे,” त्या म्हणाल्या. “मला सवय आहे. आमच्याकडेही तसलंच एक आहे.”